तेवीस नंबरचे परमिट

दुपारी अडीच वाजता, जेवणानंतरची बडीशेप चघळत असताना, सूर्यकांत धारप यांनी अल ऐनमधल्या मुलाच्या घरी बसून मलावी देशातल्या एका गावाची वीज बंद करायला लावली. मग बडीशेपेचा डबा जागेवर ठेवला, चष्मा पुसला आणि वहीत नोंद केली : 'परमिट क्र. २३. देणार : सू. ग. धारप. घेणार : चिसोमो. लाइनवर माणसे : तीन. दिले : १४.३०.' शेवटचा रकाना 'परत आले' असा होता. तो रिकामा सोडून त्यांनी पेनाला टोपण लावले.

गावाची वीज बंद करण्याचा त्यांना कसलाही अधिकार नव्हता. असलाच तर तो मुलाला, तन्मयला होता, आणि त्यालाही बेताचाच. तन्मय अबू धाबीतल्या एका संस्थेत नोकरीला होता. आफ्रिकेतल्या ज्या गावांत अजून तारा पोहोचल्या नाहीत, तिथे सौर पॅनेल, बॅटऱ्या आणि पाच-पन्नास खांब उभे करून वीज द्यायची, हे संस्थेचे काम. आठवड्यातले तीन दिवस तो ऑफिसला जाई आणि दोन दिवस घरच्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवून आफ्रिका उजळवी. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सूर्यकांतराव मटार सोलत बसत.

सूर्यकांतराव वीज मंडळातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. साक्री, शहादा, चोपडा अशी छत्तीस वर्षे सबस्टेशनांत गेली. पत्नी गेल्यावर ते धुळ्याला एकटेच राहत आणि कंबरदुखी अंगावर काढत. शेवटी सूनबाईंनी, वैभवीने, त्यांना इकडे आणले. ती अल ऐनच्याच एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. घरातल्या घरात एक कंबर फुकट चालली आहे हे तिला बघवेना.

मुलाच्या मीटिंगा कानावर पडून पडून सूर्यकांतरावांना संस्थेचे काम पटले होते. भाषा मात्र पटली नव्हती.

"तन्मय, हे लास्ट माइल, लास्ट माइल म्हणजे काय रे?"

"शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणं, बाबा. तिथंच सगळं अडतं."

"म्हणजे शेवटचा खांब. मग खांब म्हणा ना. माइल कशाला मोजता?"

एका सकाळी तन्मय कॅमेरा चालू ठेवून चहा आणायला उठला आणि सूर्यकांतरावांना पडद्यावर एक तरुण खांबावर चढताना दिसला. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, तोंडात पक्कड. हाच चिसोमो, त्या गावचा तंत्रज्ञ. सूर्यकांतरावांनी मटारांची परात बाजूला सारली आणि वीज मंडळाच्या इंग्रजीत अशी आरोळी ठोकली की शेजारच्या व्हिलातला माळी पाण्याचा पाइप टाकून धावत आला. चिसोमो घाबरून खाली उतरला.

"लाइन बंद कोणी केली?" सूर्यकांतरावांनी विचारले.

"मीच, सर."

"आणि तू वर असताना दुसऱ्या कोणी चालू केली तर?"

चिसोमोने विचार केला. "ॲपमध्ये तसा प्रश्न नाहीये, सर."

संस्थेचे सुरक्षेसाठी एक ॲप होते हे खरे. त्यात बावीस प्रश्न होते, आणि चिसोमो ते अकरा सेकंदांत 'होय, होय' करत संपवी. शेवटचा प्रश्न होता, 'तुम्हाला सुरक्षित वाटते का?' आणि त्यापुढे हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच चेहरे. "शॉक लागल्यावर यातला कुठला दाबायचा?" सूर्यकांतरावांनी मुलाला विचारले होते. तन्मयने मीटिंग आहे असे सांगितले होते.

त्या दिवसापासून सूर्यकांतरावांनी चिसोमोला वीज मंडळाची परमिटची रीत शिकवली. रीत साधी. खांबावर चढणाऱ्याने आधी परमिट मागायचे. देणाऱ्याने लाइन बंद झाल्याची खात्री करून ते द्यायचे. बटणाच्या पेटीला कुलूप, किल्ली चढणाऱ्याच्या खिशात. काम झाले की ज्याने परमिट घेतले त्यानेच, ज्याच्याकडून घेतले त्यालाच, स्वतःच्या आवाजात सांगायचे की माझी सगळी माणसे खाली आली, परमिट परत. तोवर खुद्द मुख्य अभियंता आला तरी लाइन चालू होत नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही, कोणाच्या वतीने कोणी नाही.

चिसोमोला ही रीत फार आवडली. का आवडली तेही त्याने एकदा सांगितले. "बाबासर, आजवर मला सगळे एकच विचारायचे, लाइट कधी येणार? खाली उतरलास का, हे कोणी विचारलं नव्हतं."

बावीस परमिटे दिली गेली, बावीस परत आली. तन्मयला हे सारे ठाऊक होते, पण ते त्याने ऑफिसात सांगितले नव्हते. कोणाचे वडील सुडोकू सोडवतात, त्याचे परमिट देतात, इतकेच त्याला वाटे.

तेविसावे परमिट मात्र जरा नाजूक दिवशी निघाले होते. त्या संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे मलावीतल्या तीन वाजता, गावच्या आरोग्य केंद्राला आणि खालच्या वस्तीला जोडणाऱ्या नव्या लाइनचे उद्घाटन होते. त्या देशाचे एक उपमंत्री बटण दाबणार होते. निधी देणाऱ्या संस्थेच्या बाई मुद्दाम आल्या होत्या. त्या खूश झाल्या तर आणखी चाळीस गावे मंजूर होणार होती आणि त्या चाळीस गावांबरोबर तन्मयचे कंत्राट वाढणार होते. नाही झाल्या, तर डिसेंबरात तन्मय कायमचा घरी बसणार होता, डायनिंग टेबलाच्या मटारांकडच्या टोकाला.

पावणेचारला वैभवी धापा टाकत आली. "बाबा, चला. एमआरआयची सातची वेळ होती ना, एक पेशंट गळला. सव्वाचारला घेताहेत. यल्ला, यल्ला."

"आत्ता नाही येता येणार. माझं परमिट बाहेर आहे."

"बाबा, सातची वेळ त्यांनी दुसऱ्याला दिली. ही घालवली तर पुन्हा महिना. आणि फोन आहे की बरोबर."

हे खरे होते. चिसोमो अर्ध्या तासात परत करणार होता आणि परमिट काय, आवाजावरच परत घ्यायचे असते. सूर्यकांतरावांनी वही पिशवीत घातली, फोन मुठीत धरला आणि गाडीत बसले. वाटेत त्यांनी स्वतःच फोन लावला. "किती राहिलंय?" "थोडंच, सर." "घाई करू नकोस."

हॉस्पिटलातली एमआरआयची खोली बिलकीस नावाच्या हैदराबादी बाईंच्या ताब्यात होती. त्यांनी सूर्यकांतरावांचे घड्याळ घेतले, अंगठी घेतली, पट्टा घेतला, खालची कवळी घेतली आणि फोनकडे हात केला.

"हे नाही देता येणार. चिसूचा फोन येईल. तो येईस्तोवर मला आत घालू नका."

बिलकीसबाईंचा आठ वर्षांचा अनुभव होता. मशीन दिसले की या वयाच्या पुरुषांना फार महत्त्वाचे फोन येणार असतात. "चाचा, एक घंटे का काम है. फोन आपकी बहू के पास. हिलना नक्को, बस."

'नक्को' ऐकून सूर्यकांतरावांना माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले, आणि त्या भरात त्यांनी फोन सुनेकडे दिला. "वाजला की मला बाहेर काढायचं. काय वाट्टेल ते झालं तरी."

"हो, बाबा."

वैभवीने फोन ॲप्रनच्या खिशात टाकला. हॉस्पिटलचा नियम म्हणून तो आवाज बंद करून टाकला. मग तिला तिसऱ्या मजल्यावरच्या एका खांद्याने बोलावले आणि ती गेली. तीन मिनिटांनी चिसोमोचा पहिला फोन आला. त्यानंतर आणखी दहा आले. ॲप्रनचा खिसा थरथरत राहिला. वैभवी त्या वेळी एका अरबी आजींचा हात डोक्याच्या वर नेत होती आणि आजी इतक्या ओरडत होत्या की थरथर कोणाची ते कळण्यासारखे नव्हते.

चार चाळीसला तन्मयचा फोन वाजला. फिरदोस मॅडम. या संस्थेच्या संचालक, मूळच्या लखनौच्या. राग चढला की त्यांचा आवाज उतरत असे. आत्ता तो जवळजवळ ऐकू येत नव्हता.

"तन्मय, साइट पे लाइट क्यों नहीं है?"

"आ जाएगी, मॅडम. काम चल रहा है."

"काम कब का खत्म हो गया. तुम्हारा लडका पेटी को ताला लगाके खडा है. कहता है परमिट वापस नहीं हुआ. ये बाबासर कौन हैं?"

तन्मयने लॅपटॉप मिटला.

"मैंने डायरेक्टरी में देखा. बाबासर कोई नहीं. कन्सल्टंट हैं?"

"सीनियर हैं, मॅडम."

"कितने सीनियर?"

"इकहत्तर साल के."

पलीकडून मॅडमनी फोन ठेवला.

तिकडे गावात चिसोमोला एकेकाने समजावून झाले होते. संस्थेच्या तिथल्या व्यवस्थापकाने आधी प्रेमाने, मग नोकरीची आठवण देऊन सांगितले. फिरदोस मॅडमनी फोनवरून स्वतः हुकूम दिला. "मॅडम, तुमचा आवाज ऐकून आनंद झाला," चिसोमो म्हणाला, "पण परमिट तुम्ही दिलेलं नाही." मग उपमंत्र्यांचे सचिव पुढे आले.

"माननीय उपमंत्री स्वतः सांगताहेत. पेटी उघड."

"माननीय उपमंत्र्यांविषयी मला आदर आहे, सर. पण परमिट मी त्यांच्याकडून घेतलेलं नाही."

"मग घे त्यांच्याकडून!"

"घेता येईल, सर. आधीचं परत केल्यावर."

निधी देणाऱ्या संस्थेच्या बाई हे सारे टिपून घेत होत्या. त्यांच्या वहीत आतापर्यंत 'स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरण, अल ऐन' असे लिहून झाले होते आणि खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

तन्मयने वडिलांना फोन केला, बायकोला केला, पुन्हा वडिलांना केला. मग त्याने नऊ वर्षांच्या अस्मीला मागच्या सीटवर बसवले, तिच्या हातात व्हिडिओ कॉल चालू असलेला फोन दिला आणि गाडी काढली. अल ऐनचे रस्ते रुंद, गर्दी बेताची, पण वाटेत राउंडअबाउट इतके की घाईतल्या माणसाला आपण पुढे चाललोय की घरगुती प्रदक्षिणा घालतोय ते कळत नाही.

"चिसोमो! ऐक माझं," तन्मय तिसऱ्या राउंडअबाउटवर ओरडला. "मी तुझा मॅनेजर आहे. बाबांच्या वतीनं मी सांगतो, चालू कर."

फोनमधून उत्तर यायच्या आत मागच्या सीटवरून आले. "पपा, यू कान्ट. ओन्ली आजोबा कॅन क्लोज इट. एव्हरीवन नोज दॅट."

"थँक यू, अस्मी," फोनमधून चिसोमो म्हणाला.

हॉस्पिटलच्या तळघरात बिलकीसबाईंनी तन्मयला दारातच अडवले. काचेपलीकडे त्या पांढऱ्या बोगद्यातून सूर्यकांतरावांची फक्त पावले बाहेर दिसत होती. मशीन ठोक-ठोक-ठोक करत होते, जणू आत कोणी छप्पर घालत होते.

"मरीज के कौन आप?"

"बेटा. मुझे एक मिनट बात करनी है उनसे. तिकडे एक मंत्री खोळंबलेत, माने, एक मिनिस्टर वेट कर रहे हैं."

"यहां भी एक बडे साहब घुटना लेको बैठे हैं. चुप बैठे हैं."

अस्मी पुढे झाली. काचेतून पावलांकडे बोट दाखवून तिने एका वाक्यात सगळे सांगितले. "मॅम, माय ग्रँडफादर हॅज स्विच्ड ऑफ अ व्हिलेज."

बिलकीसबाईंनी अस्मीकडे पाहिले, पावलांकडे पाहिले, मग घड्याळाकडे. "दो आवाज के बीच में एक मिनट मिलता. उत्ते में बोल लो. लेकिन चाचा हिले तो मेरी जिम्मेदारी नहीं."

ठोक-ठोक थांबले. बिलकीसबाईंनी माइकचे बटण दाबले. तन्मयने फोन माइकला चिकटवला.

"बाबा, मी तन्मय. चिसोमो फोनवर आहे. फक्त 'चालू कर' म्हणा, पटकन."

बोगद्यातून, कवळीविना, आवाज आला. "बोलायला चालतं का विचार आधी. हलू नको म्हणालीय ती."

"चालतं! बोला!"

"चिसू?"

"येस, बाबासर."

"किती माणसं चढली होती?"

"तीन, सर."

"किती उतरली?"

"मी उतरलो. योहाने उतरला." मग जरासा थांबून, "लिम्बानी आधीच उतरून जेवायला गेलाय म्हणतात, सर."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"तुला दिसतोय?"

"नाही, सर."

"मग शोध."

"बाबा!" तन्मयचा घसा बसत आला होता. "उपमंत्री उभे आहेत तिकडे. चाळीस गावं अडकलीत. जेवायलाच गेलाय ना तो, नंतर शोधू!"

"रामेश्वर चहाच्या टपरीवर आहे, असंही सगळेच म्हणाले होते," सूर्यकांतराव म्हणाले, आणि मशीन पुन्हा सुरू झाले.

रामेश्वरकाकांचा उजवी बाही कोपरापाशी दुमडून पिन लावलेली असे, एवढे तन्मयला लहानपणापासून माहीत होते. दर दिवाळीला त्यांचे पत्र यायचे, डाव्या हाताने लिहिलेले, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरात. कसे झाले ते त्याला आईने सांगितले होते, बाबांनी कधीच नाही. साक्रीला लाइनवर काम संपले होते. रामेश्वर खाली आलाय, चहा पितोय, असे कोणीतरी फोनवर चांगल्या मनाने सांगितले. तो आला होताही. पण पक्कड वर राहिली म्हणून पुन्हा चढला होता. सबस्टेशनात बटण दाबले ते सूर्यकांतरावांनी. हात गेला, माणूस वाचला, आणि पुढे ऑफिसात शिपाई झाला. त्यानंतरची सव्वीस वर्षे सूर्यकांतरावांनी ज्याचा त्याचा आवाज ऐकल्याखेरीज एकही लाइन चालू केली नाही. त्यापायी दोन बढत्या गेल्या आणि तालुक्यातले तीन आमदार कायमचे नाराज झाले.

मशीन चार मिनिटे ठोकत राहिले. त्या चार मिनिटांत अस्मीच्या हातातल्या फोनवर अख्खे गाव लिम्बानीला शोधत होते. जेवणाच्या पातेल्यांपाशी तो नव्हता. चिंचेखाली नव्हता. व्यवस्थापकाने कुलूप फोडायला हातोडा मागवला होता, तो येऊन पोहोचला. फिरदोस मॅडम फोनवरून म्हणत होत्या, तोडो, मैं जिम्मेदार हूं. आणि तेवढ्यात एक मुलगी आरोग्य केंद्राच्या मागून ओरडत आली.

कॅमेरा तिच्यामागे धावला. शेवटच्या खांबाच्या टोकावर लिम्बानी बसला होता. एक पाय आडव्या लोखंडाला अडकवलेला, कानांत गाणी, आणि उपमंत्र्यांच्या स्वागतासाठी तो या तारेपासून त्या तारेपर्यंत कागदी झेंड्यांची माळ बांधत होता. जिभेचे टोक बाहेर काढून, अगदी मन लावून.

ज्याच्या हातात हातोडा होता त्याने तो हळूच गवतात ठेवला. निधीवाल्या बाईंचे पेन थांबले. फोनमध्ये फिरदोस मॅडम "या अल्लाह" म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज मोठा होता.

मशीन थांबले.

"सापडला?" बोगद्यातून विचारणा झाली.

"खांबावर होता, सर. शेवटच्या." चिसोमो म्हणाला. "झेंड्यांची माळ बांधत होता. ती काढून आता खाली आलाय. माझ्यासमोर उभा आहे."

"त्याला दे."

"सॉरी, सर," नवा आवाज आला. अठराएक वर्षांचा असावा.

"जेवलास का?"

"नाही, सर."

"बरं. आधी जेव." मग मोठ्याने, "चिसू, झेंडे बांधले म्हणजे मांडवही घातला असणार."

"हो, सर. फार सुंदर मांडव आहे."

"दोर कशाला बांधलेत?"

चिसोमोने वळून पाहिले असावे. "खांबाला, सर."

सूर्यकांतरावांनी सुस्कारा सोडला. छत्तीस वर्षे, छत्तीस गणेशोत्सव, त्यांनी हाच प्रश्न विचारला होता आणि त्यांना हेच उत्तर मिळाले होते. जग मोठे असते असे लोक म्हणतात, पण मांडवाचे दोर सगळीकडे खांबालाच. "सोडा. आणि व्यासपीठावरची माणसं खाली उतरवा. सगळी."

"उपमंत्रीसुद्धा, सर?"

"वीज हुद्दा विचारत नाही."

"टाइम," बिलकीसबाई म्हणाल्या आणि ठोक-ठोक सुरू झाले.

उपमंत्री मोठे समजूतदार गृहस्थ निघाले. लिम्बानीला खांबावर पाहिल्यापासून त्यांचा चेहरा उतरला होता. कोणी सांगायच्या आत ते व्यासपीठावरून उतरले आणि खुर्च्या वरच राहिल्यामुळे बायकांच्या चटईवर जाऊन बसले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने सरकून जागा दिली आणि त्यांच्या ओंजळीत उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा घातल्या. फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला. पुढे तो संस्थेच्या वार्षिक अहवालावर छापला गेला. खाली 'समुदाय-केंद्रित नेतृत्व' असे लिहिले होते. मांडवाच्या दोरांचा उल्लेख नव्हता.

मशीन थांबले तेव्हा चिसोमो फोनपाशी तयारच होता.

"बाबासर, तीन चढले, तीन उतरले. मांडव सुटला. व्यासपीठावर कोणी नाही. परमिट क्रमांक तेवीस परत करतो."

"बाई, वेळ किती झाली?"

"पांच इकत्तीस, चाचा."

"सतरा एकतीस. परत घेतलं. चिसू, चालू कर."

भर दुपारच्या उन्हात दिवा लागल्याचे कोणाला दिसणार? कोणालाच दिसले नाही. लोक एकमेकांकडे बघत राहिले. मग आरोग्य केंद्रातून लसींचा फ्रिज गुरगुरल्याचा आवाज आला आणि आतली नर्स दोन्ही हात वर करून बाहेर धावली. मग जो गलका झाला तो अल ऐनच्या तळघरात फोनवरून इतका घुमला की गुडघावाले साहेब दार उघडून आत डोकावले.

तन्मय खुर्चीत बसला. त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती. फोन वाजत होता. फिरदोस मॅडम. "तन्मय, उपमंत्री बाबासर से बात करना चाहते हैं. फंडिंगवाली मॅडम भी. पूछ रही हैं, चालीसों गांव के परमिट वही देंगे क्या? क्या बोलूं?"

तन्मयने काचेकडे पाहिले. "बाबांना विचारतो, मॅडम."

पण काचेसमोर बिलकीसबाई पडद्यावरच्या चित्रांकडे बघून मान हलवत होत्या. त्यांनी माइक दाबला. "चाचा, आप हिले."

"हो," बोगद्यातून प्रामाणिकपणे आवाज आला. "तो खांबावर होता म्हणाला तेव्हा हललो. कबूल आहे."

"फोटू पूरा खराब. फिर से करना पडता. शुरू से. एक घंटा."

"करा, बाई. चूक माझी आहे." जरा वेळाने आवाज पुन्हा आला, पहिल्यापेक्षा लहान. "तन्मय आहे का अजून तिथं?"

"आहे, बाबा."

"आत येतोस का जरा? थंडी फार आहे रे इथं."

तन्मयने फिरदोस मॅडमना नंतर करतो म्हणून सांगितले, आणि त्यांचे उत्तर ऐकायला थांबला नाही. त्याने फोन दिला, घड्याळ दिले, पट्टा दिला, गाडीची किल्ली आणि अंगठी दिली. बिलकीसबाईंनी हातात एक पांघरूण दिले. आत जाऊन त्याने ते वडिलांच्या पायांवर घातले आणि पायाशी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला. जाड दार बंद झाले.

बाहेर फोन पुन्हा वाजू लागला. अस्मीने उचलला.

"नो, ही कान्ट," ती म्हणाली. "बोथ ऑफ देम आर इनसाइड. यू हॅव टू वेट." पलीकडे कोण होते ते तिने विचारले नाही. ते उपमंत्री होते, आणि ते थांबले.

आत ठोक-ठोक सुरू झाले. त्या आवाजात बोलणे शक्यच नव्हते. पांघरुणातून वडिलांच्या उजव्या पायाचा अंगठा तेवढा बाहेर आला होता, गार पडलेला. तन्मयने तो मुठीत धरला. थोड्या वेळाने अंगठ्याने मुठीत हलकेच दोनदा दाबून उत्तर दिले.

"चाचा!" छतातून बिलकीसबाईंचा आवाज आला. "हिलना नक्को बोली ना मैं?"